अनुभव धागा: साहसकथा वाचताना आपण कोणाच्या बाजूने होतो?

डॅनियल डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ साली प्रसिद्ध झाली आणि तिथून पुढे जवळजवळ दोनशे वर्षे युरोपात साहसकथेची एक भरघोस परंपरा वाढत गेली. अलेक्झांडर द्यूमा, ज्यूल व्हर्न, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, रायडर हॅगार्ड, जोसेफ कॉनरॅड ही त्या परंपरेतली ठळक नावे. मराठी वाचकांपर्यंत ही पुस्तके कधी शाळेतल्या संक्षिप्त आवृत्त्यांतून, कधी रूपांतरांतून, तर कधी थेट इंग्रजीतून आली. समुद्र, वाळवंट, बेट, ध्रुवप्रदेश या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी भूगोलाच्या पुस्तकाआधी या कथांतच पाहिल्या.

हे लेखक ज्या वाचकासाठी लिहीत होते तो लंडनमध्ये, एडिंबरात किंवा पॅरिसमध्ये बसलेला होता. आपल्यासारखी माणसे त्या कथांत आलीच, तर माहूत, खलाशी, हमाल, नाहीतर वाचवली जाणारी विधवा म्हणून आली. तरीही आपण त्या पुस्तकांवर मनापासून प्रेम केले. ते प्रेम खोटे होते असे मी मानत नाही आणि त्या पुस्तकांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचाही हेतू नाही. मात्र ज्याच्या हातात बंदूक आणि नकाशा आहे त्याच्या डोळ्यांनी जग पाहण्याची सवय या कथांनी आपल्याला लावली की, त्याच कथांनी आपल्याला क्रूसोने बेटावर चाकर केलेल्या शुक्रवारच्या डोळ्यांनी पाहायला शिकवले, हा प्रश्न मला गांभीर्याने विचारावासा वाटतो. आपण कोणते पुस्तक कुठे आणि कोणत्या रूपात वाचले, वाचताना मनाने कोणाबरोबर होतात आणि पुढच्या वाचनात काय बदलले, हे सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.

नाशिक, निवृत्त रेल्वे कर्मचारी

माझी नोकरी कसारा आणि इगतपुरी यांच्या मधल्या घाटात गेली. ३७ फुटांना १ फूट अशा चढावर गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात आणि त्या चढाचा हिशोब आम्हा लोकांच्या अंगात भिनलेला असतो. म्हणून ज्यूल व्हर्नची '८० दिवसांत जगाची सफर' वाचताना मला सर्वांत जास्त कुतूहल होते ते फिलिअस फॉगच्या मुंबई ते कलकत्ता या प्रवासाचे. रात्री ८ वाजता मुंबईहून गाडी सुटते, साष्टी ओलांडते, कल्याणला येते, घाट चढते, रात्रीतून नाशिक मागे टाकते आणि दुसऱ्या दिवशी खानदेशच्या सपाट, पिकाऊ मुलखातून धावते. पुढे मालेगावचा उल्लेख आहे, वेरूळ आणि औरंगाबाद फार दूर नाहीत असेही लिहिले आहे, आणि बऱ्हाणपूरला फॉगचा नोकर पासपार्तू चपला विकत घेतो, कारण त्याचे जोडे मलबार हिलच्या देवळात राहिलेले असतात. व्हर्न हिंदुस्थानात कधीही आला नव्हता. हा सगळा प्रवास त्याने नकाशे, वेळापत्रके आणि प्रवासवर्णने समोर ठेवून फ्रान्समध्ये बसून लिहिला, तरी स्थानकांचा क्रम ढोबळमानाने बरोबर आहे.

कथेत खोल्बी नावाच्या ठिकाणी रूळ संपतात आणि अलाहाबादेपर्यंत प्रवाशांनी आपापली सोय करावी असे गार्ड सांगतो. तिथूनच हत्ती येतो आणि सतीच्या चितेवरून औदा या तरुण विधवेची सुटका होते. वस्तुस्थिती अशी की, १८७० साली जबलपूरला जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जोडल्या गेल्या होत्या, आणि कादंबरीतला प्रवास १८७२ चा आहे. रूळ अखंड राहिले असते तर साहसाला वाव उरला नसता, म्हणून लेखकाने मार्ग तोडला. या मोडतोडीबद्दल मला तक्रार नाही. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, अमेरिकेतला समुद्र ते समुद्र लोहमार्ग त्याच वर्षी पूर्ण झाला आणि पुढच्या वर्षी आपला मार्ग जोडला गेला. या तीन घटना घडल्या नसत्या तर ही कादंबरी सुचलीच नसती, इतके या साहसाचे नाते प्रत्यक्ष खडी-रुळांशी आहे.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी आहे. फॉग खिडकीबाहेर पाहत नाही. त्याला मुंबई पाहायची नाही, घाट पाहायचा नाही. त्याला फक्त वेळ गाठायची आहे. ज्या घाटात बोगदे खोदताना आणि पूल बांधताना पटकीने आणि अपघातांनी असंख्य मजूर मेले, त्या घाटातून गाडी एका वाक्यात वर चढून जाते. मी मनाने फॉगबरोबर कधीच नव्हतो. मी इंजिनाजवळ होतो आणि त्या रात्री इंजिनावर कोण असेल, फायरमन कोण असेल, याचा विचार करत होतो.

सातारा जिल्हा, माध्यमिक शिक्षिका

मी गेली अनेक वर्षे आठवी-नववीच्या मुलांबरोबर 'रॉबिन्सन क्रूसो' वाचते. फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ सालच्या 'एमिल' या ग्रंथात आपल्या कल्पित विद्यार्थ्याच्या हातात सर्वांत आधी हेच पुस्तक द्यावे असे म्हटले होते, कारण त्यातला माणूस प्रत्येक वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून ठरवायला शिकतो. हे निरीक्षण खरे आहे, आणि माझ्या शेतकरी घरातल्या मुलांना ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. कोंबड्यांच्या दाण्याची समजून रिकामी केलेली पिशवी क्रूसो खडकाजवळ झटकतो, पावसानंतर तिथे जवाचे कोंब दिसतात आणि त्याला तो ईश्वरी चमत्कार वाटतो, हा प्रसंग वाचताना वर्गात सगळे एकदम बोलू लागतात. पुढे तो कोरड्या हंगामात पेरणी करतो आणि ते बी वाया जाते. मग तो बेटावरच्या पावसाचे आणि उघडिपीचे महिने नोंदवून स्वतःचे पंचांग तयार करतो आणि चौथ्या वर्षापर्यंत बियाणे राखून ठेवतो, त्यातला दाणाही तोंडात टाकत नाही. एका मुलीने त्यावर सांगितले की, तिच्या आजीने दुष्काळात बियाण्याचे मडके असेच जपले होते. साहसकथेतले साहस वादळात आणि नरभक्षकांत असते असे आपण धरून चालतो. माझ्या वर्गाला ते बियाणे राखण्याच्या संयमात दिसले, आणि डिफोच्या लेखनाचा खरा बळकट भाग तोच आहे असे मलाही वाटते. हत्यारे, दाणे, दिवस, चुका या सर्वांची तो इतकी बारीक नोंद ठेवतो की, कपोलकल्पित बेटावर वाचकाचा ठाम विश्वास बसतो. पुढच्या सगळ्या साहसकथांनी हे तंत्र त्याच्याकडून घेतले.

आता दुसरी बाजू. शाळेतल्या संक्षिप्त आवृत्तीत क्रूसो 'व्यापारासाठी' निघाला असताना जहाज फुटते असे लिहिलेले असते. मूळ पुस्तकात तो ब्राझीलमधल्या आपल्या आणि शेजाऱ्यांच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेला असतो. त्याही आधी, मोरोक्कोतल्या साले येथील कैदेतून पळताना त्याला साथ देणारा झुरी नावाचा मुलगा असतो, आणि त्या मुलाला तो पोर्तुगीज कप्तानाला ६० नाण्यांना देऊन टाकतो. ही पाने मी स्वतः मराठीत करून मुलांना देते. शुक्रवार येतो तेव्हा क्रूसो त्याचे नाव विचारत नाही, स्वतःच ठेवतो, आणि आपल्याला 'मालक' म्हणायला शिकवतो. 'मग त्याच्या आईने ठेवलेले नाव काय होते?' हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. परंतु डिफोनेच एक प्रसंग लिहिला आहे, ज्यात शुक्रवार विचारतो की, देव जर सैतानापेक्षा इतका बलवान असेल तर तो सैतानाला मारून का टाकत नाही, आणि क्रूसोला उत्तर सुचत नाही, तो ऐकू न आल्यासारखे करतो. पुस्तकाने आपल्या नायकालाच निरुत्तर केलेले ते पान मी वर्गात सावकाश वाचते. त्यानंतर मुले शुक्रवारची रोजनिशी लिहितात. जे. एम. कोट्झी यांच्या १९८६ सालच्या 'फो' या कादंबरीतल्या शुक्रवारची जीभ कापलेली आहे आणि त्याची कथा कोणालाच मिळत नाही. माझे विद्यार्थी मात्र त्याला भरभरून बोलायला लावतात, त्याला घर, भावंडे, आवडीचा मासा, सगळे देतात.

धागाकर्ता

बाईंनी दिलेला बियाण्याचा तपशील फार मोलाचा आहे. नायकाची बाजू आणि शुक्रवारची बाजू या दोन्ही एकाच पुस्तकात सापडतात, हे त्यातून दिसते. संक्षिप्त आवृत्त्या पाने कमी करताना नेमके काय गाळतात, याबद्दल आणखी कोणाला लिहिता आले तर अवश्य लिहावे.

ग्वाल्हेर, इतिहासाचा प्राध्यापक

आमचे घराणे मराठा राज्याच्या विस्ताराबरोबर बुंदेलखंडात आले आणि तिथेच स्थिरावले. घरात मराठी, बाहेर हिंदी-बुंदेली, आणि आजोबांच्या तोंडी १८५७ च्या गोष्टी. त्यामुळे 'गूढ बेट' या व्हर्नच्या १८७४-७५ मधल्या कादंबरीच्या शेवटी कॅप्टन नेमो आपली खरी ओळख सांगतो, ती पाने वाचताना मी अक्षरशः उठून उभा राहिलो. पाणबुडीचा हा गूढ स्वामी बुंदेलखंडातल्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कार निघतो. तो टिपू सुलतानाचा भाचा आहे, लहानपणी युरोपात शिकायला पाठवला गेला आहे, १८५७ च्या युद्धात लढला आहे आणि त्यात त्याची माणसे मारली गेली आहेत. बुंदेलखंडाचा राजा आणि टिपू यांचे हे नाते इतिहासात कुठेही बसणारे नाही. पॅरिसहून पाहताना इंग्रजांशी लढलेली दोन ठळक नावे एकत्र आणली गेली, इतकेच. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत लोकप्रिय साहसकथांपैकी एकीचा सर्वांत मोठा शास्त्रज्ञ-अभियंता हिंदुस्थानी आहे, ही गोष्ट लहान नाही.

आधी व्हर्नच्या मनात नेमो पोलिश सरदार होता आणि त्याचा सूड रशियाच्या झारशाहीवर होता. प्रकाशक हेत्झेलला रशियातला वाचक गमवायचा नव्हता, म्हणून त्याने विरोध केला, आणि १८६९-७० च्या 'समुद्राखाली वीस हजार लीग' या कादंबरीत नेमोचा देश अज्ञातच राहिला. पण त्या पुस्तकातही खूण आहे. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर नेमो एका गरीब पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो आणि नंतर म्हणतो की, हा माणूस पीडितांच्या देशाचा रहिवासी आहे आणि शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा राहीन.

धागाकर्त्यांनी गाळलेल्या पानांविषयी विचारले आहे, त्याचे फार बोलके उदाहरण इथे आहे. 'गूढ बेट'चे जे इंग्रजी भाषांतर १८७५ पासून किंग्स्टन यांच्या नावाने पसरले, त्यात डक्कारच्या तोंडची इंग्रजी सत्तेवरची कठोर टीका बदलून सौम्य करण्यात आली आहे. 'वीस हजार लीग'च्या जुन्या, सर्वत्र खपलेल्या इंग्रजी आवृत्तीतून तर मजकुराचा मोठा हिस्सा गायब आहे. इंग्रजीच्या खिडकीतून व्हर्नकडे पाहणाऱ्या हिंदुस्थानी वाचकाला आपल्याच बंडखोर राजपुत्राचा आवाज दबलेला ऐकू येत होता. म्हणून फ्रेंचमधून थेट मराठीत आलेल्या भाषांतरांची गरज मला केवळ वाङ्मयीन वाटत नाही.

व्हर्नने १८८० मध्ये वाफेच्या हत्तीवर चालणाऱ्या घराची कादंबरी लिहिली आणि तिच्यात तर साक्षात नानासाहेब पेशवे आहेत, पण तिथे ते प्रामुख्याने सूडाने पेटलेला शत्रू म्हणून येतात. नेमोवर प्रेम करणारा हाच लेखक नानासाहेबांना समजून घेऊ शकला नाही, याचे मला दुःख आहे. या कादंबरीच्या आसपासच, १८८३ च्या सुमाराला, वरसईचे विष्णुभट गोडसे आपला 'माझा प्रवास' लिहीत होते. यज्ञाची दक्षिणा मिळवण्यासाठी निघालेला भिक्षुक बंडात सापडतो, झाशीचा वेढा किल्ल्याच्या आत राहून पाहतो, लुटला जातो आणि गंगेची कावड घेऊन घरी परततो. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले ते पुस्तक मी माझ्या विद्यार्थ्यांना व्हर्नच्या शेजारी ठेवून वाचायला सांगतो. त्यात बंदूक नायकाच्या हातात नाही, आणि भीती खरी आहे.

बेळगाव, वकील

मी थोडक्यात लिहितो. 'माँटे क्रिस्टोचा काउंट' ही १८४४ ते १८४६ या काळात पॅरिसच्या वृत्तपत्रातून हप्त्याहप्त्याने आलेली कादंबरी मी वकिलीच्या पहिल्या वर्षांत वाचली. खोट्या निनावी पत्रावरून एका निरपराध खलाशाला चौकशीविना इफच्या किल्ल्यात डांबले जाते, कारण सरकारी वकिलाला स्वतःच्या बापाचे नाव लपवायचे असते. कच्च्या कैद्यांच्या कोठड्या पाहिलेल्या माणसाला त्यात काहीही दूरचे वाटत नाही. द्यूमाची आजी सेंट डोमिंग (आजचे हैती) येथे गुलाम होती, वडील फ्रेंच सैन्यात सेनापती झाले आणि त्यांनीही परक्या मुलखात कैद भोगली. साहसकथा नेहमी राज्यकर्त्यांच्याच घरात जन्मली, असे म्हणताना हे घराणे विसरू नये. द्यूमाच्या अस्थी २००२ साली पॅरिसच्या पाँथिऑन या थोरांच्या समाधिस्थळी नेण्यात आल्या.

पुणे, बालवाचनालय चालवणारी वाचक

मराठी मुलांना ज्यूल व्हर्न भेटला तो मुख्यतः भा. रा. भागवतांमुळे (१९१०–२००१). 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांची रूपांतरे आमच्या कपाटात आजही फाटेपर्यंत वाचली जातात. भागवतांचे वाक्य आखूड आणि खेळकर असते. मूळ कथेतली वैज्ञानिक माहितीची जड पाने ते मुलांना पेलतील इतकीच ठेवतात.

पण त्यांचे खरे मोठेपण मला पुढच्या पावलात दिसते. व्हर्न पचवलेल्या या लेखकाने फुरसुंगीच्या बनेश फेणेला जन्म दिला. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा हा किडकिडीत मुलगा सायकलवर उडी मारतो, 'टॉक्' असा आवाज काढतो आणि संकटात शिरतो. त्याला बेट जिंकायचे नाही, खजिना घरी न्यायचा नाही, कोणाला नोकर करायचे नाही. शहराच्या ओळखीच्या रस्त्यांवर, आपल्यासारख्याच माणसांत, कोणावर तरी अन्याय होतो आहे एवढ्या कारणाने तो धावतो. युरोपीय साहसकथेतला वेग, कोडे आणि जिगर घेऊन तिच्यातली मालकीची भावना बाजूला ठेवता येते, हे भागवतांनी कोणताही गाजावाजा न करता दाखवून दिले. आमच्या वाचनालयात येणारी मुले फास्टर फेणेकडून व्हर्नकडे जातात आणि परत येतात. त्यांना तो एकच प्रदेश वाटतो.

ठाणे, गिर्यारोहक

तालुक्याच्या वाचनालयात मुलींनी संध्याकाळी बसू नये असा अलिखित नियम होता, त्यामुळे मी 'ट्रेझर आयलंड' घरच्या माळ्यावर वाचले. मी पूर्णपणे जिम हॉकिन्स होते. सफरचंदांच्या पिंपात लपून बंडाचा कट ऐकणारी मी, होडी सोडून जहाज ताब्यात घेणारी मी. मुलगी असल्याची आठवण त्या पुस्तकाने मला एकदाही करून दिली नाही, कारण त्यात जिमच्या आईखेरीज बाई जवळजवळ नाहीच. हे अपघाताने झालेले नाही. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार येथे स्टीव्हन्सनने सावत्र मुलगा लॉइडबरोबर बेटाचा नकाशा रंगवला, त्या नकाशातून कथा निघाली आणि कथेत बायका नकोत ही त्या मुलाची अट होती. हॅगार्डने १८८५ मध्ये 'किंग सॉलोमन्स माइन्स' लिहिली तेव्हा त्याचा निवेदकही सुरुवातीलाच सांगतो की, या हकिकतीत परकर सापडणार नाही.

नाशिकच्या काकांनी औदाचा उल्लेख केला आहे. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याच्या या सुशिक्षित मुलीला बुंदेलखंडाच्या म्हाताऱ्या राजाशी लग्न करावे लागते आणि चितेवर नेले जाते ते अफू आणि गांजाच्या धुरात गुंगवून. तिच्या वाट्याला सुटका आणि कृतज्ञता येते, निर्णय फार उशिरा येतो. तरी या कादंबरीने बाहेरच्या जगात काय घडवले ते पाहा. नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार १४ नोव्हेंबर १८८९ रोजी एकच हातपिशवी घेऊन निघाली, वाटेत फ्रान्समधल्या आमियाँला ज्यूल व्हर्नच्या घरी जाऊन त्याला भेटली आणि ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. आणि 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले त्याच १८८३ साली, एप्रिल महिन्यात, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेच्या जहाजावर चढल्या. वय १८ वर्षे, सोबतीला नातलग कोणी नाही, आणि जायचे ते वैद्यकीय शिक्षणासाठी. त्या वर्षीचे सर्वांत मोठे सागरी साहस कोणाचे, हे मी माझ्या मोहिमेतल्या मुलींना विचारते, आणि मग दोन्ही पुस्तके, स्टीव्हन्सनचे आणि आनंदीबाईंचे चरित्र, त्यांच्या पाठपिशवीत टाकते. मला त्यांच्यापासून जिम हिरावून घ्यायचा नाही. कड्यावर पाय थरथरतो तेव्हा आजही माझ्या मनात तोच असतो.

रत्नागिरी, व्यापारी जहाजावरील अधिकारी

आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली. इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर कोणी खलाशी, कोणी टंडेल, कोणी सारंग झाले. इंग्रजी सागरी कथांत ही माणसे असतात, पण बहुधा घोळक्याने असतात. त्यांना चेहरा आणि नाव क्वचित मिळते. म्हणूनच कॉनरॅडची 'लॉर्ड जिम' (१९००) मला या सगळ्या परंपरेतली सर्वांत प्रामाणिक कादंबरी वाटते. कॉनरॅड स्वतः बोटीवर नोकरी केलेला माणूस होता. कादंबरीतली 'पाटणा' ही जुनी बोट ८०० यात्रेकरूंना घेऊन निघते, रात्री कशावर तरी आपटते, आणि बोट बुडणार असे समजून गोरे अधिकारी यात्रेकरूंना झोपेतच सोडून होडीत उतरतात. लहानपणापासून साहसाच्या गोष्टी वाचून स्वतःला शूर समजणारा जिमही उडी मारतो. बोट बुडत नाही. चौकशीत कळते की, सुकाणूवरचे दोन मलायी खलाशी जागचे हलले नव्हते, कारण त्यांना तसा हुकूमच मिळाला नव्हता.

यामागे खरी घटना आहे. १८८० च्या जुलैमध्ये 'जेद्दा' नावाची बोट सिंगापूरहून हाजी घेऊन निघाली होती. ऑगस्टमध्ये कप्तान आणि अधिकाऱ्यांनी ती सोडली, एडनला पोहोचून ती बुडाल्याचे सांगितले, आणि लगेचच दुसऱ्या बोटीने 'जेद्दा'ला यात्रेकरूंसह ओढत एडनला आणले. वॉचवर एकटा असताना मी अनेकदा त्या दोन सुकाणूवाल्यांचा विचार केला आहे. साहसकथांनी वाढवलेला नायक पळाला आणि ज्यांच्या कथा कोणी लिहीत नव्हते ते जागेवर राहिले, हे कॉनरॅडने लिहून ठेवले. माझी बाजू तेव्हापासून ठरलेली आहे.

कोलकाता, मराठी भाषिक वाचक

बंगालीत याचे एक सुंदर उत्तर १९३७ सालीच लिहिले गेले. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या 'चांदेर पाहाड़' मधला शंकर हा बंगालच्या खेड्यातला तरुण युगांडा रेल्वेवर नोकरीला जातो आणि तिथून आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरतो. विभूतिभूषण आफ्रिकेत गेले नव्हते, जसा व्हर्न नाशिकला आला नव्हता. पण तो लोहमार्ग बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले गेले होते, त्यामुळे शंकरचा तिथला प्रवेश अगदी स्वाभाविक आहे. नाशिकच्या काकांना मी ही कादंबरी आवर्जून सुचवते. तिच्या सुरुवातीच्या भागात शंकर एका एकाकी स्थानकावर स्टेशनमास्तर असतो.

तोरिनो, इटली

या शहरात १९११ साली एमिलिओ सालगारीने कर्जबाजारी अवस्थेत आत्महत्या केली. इटलीतल्या मुलांच्या अनेक पिढ्या त्याच्या साहसकथांवर वाढल्या, पण आपल्याकडे त्याचे नाव फारसे ऐकू येत नाही. त्याचा सर्वांत लाडका नायक सांदोकान हा इंग्रजांनी राज्य हिरावून घेतलेला बोर्निओचा राजपुत्र आहे आणि त्याच बेटावरच्या सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रूक हा त्याचा शत्रू. म्हणजे इथे वाचणारे मूल पहिल्या पानापासून साम्राज्याच्या विरोधात उभे असते. १९७६ च्या इटालियन दूरदर्शन मालिकेत सांदोकानची भूमिका कबीर बेदींनी केली, आणि अजूनही माझे भारतीय नाव ऐकले की इथले प्रौढ लोक मला त्यांच्याबद्दल विचारतात.

मराठी वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट पुढे आहे. सालगारीच्या 'काळ्या जंगलाचे रहस्य' या १८९५ च्या कादंबरीत सुंदरबनातला शिकारी त्रेमाल-नाईक आहे आणि त्याचा जिवाभावाचा साथीदार कम्मामुरी हा मराठा आहे. लेखक त्याला वारंवार 'मराठा' असेच संबोधतो. कम्मामुरी हे नाव आपल्याकडे कोणाचे असणार नाही, सुंदरबनात मराठा कसा आला हेही सालगारी सांगत नाही, आणि तो स्वतः पूर्वेकडे कधीच गेला नव्हता. तरी हा कम्मामुरी भित्रा किंवा मूर्ख नोकर नाही. तो धूर्त आहे, निष्ठावान आहे, मालकाला बरोबरीने सल्ला देतो आणि पुढच्या भागांत सांदोकानच्या टोळीत सामील होऊन इंग्रजांशी लढतो. माझी मुलगी इथल्या शाळेच्या ग्रंथालयातून आणलेले हे पुस्तक मोठ्याने वाचते आणि कम्मामुरीचे संवाद आम्ही घरी मराठीत म्हणतो. पहिल्या काही प्रकरणांचे इटालियनमधून थेट मराठी भाषांतर मी सुरू केले आहे. ते वाचून सुधारणा सुचवायला कोणी तयार असेल, विशेषतः सुंदरबनातल्या होड्या, झाडे आणि शिकार यांच्या शब्दांसाठी कोलकात्याच्या ताई, तर मला फार मदत होईल.